बद्रीच्या वाटेवरचं खोटं

अक्का, लग्न होऊन पणदऱ्याला आले त्या दिवसापासून मी तुला अहोजाहोच केलं. थोरली जाऊ म्हणजे सासूच्या खालोखाल मान. एका चुलीवर भाकऱ्या थापल्या, एका ताटात जेवलो, तरी तोंडातलं ‘तुमी’ सुटलं नाही. आज मात्र तू म्हणणार आहे. मला तुझ्याशी भांडायचं आहे, आणि अहोजाहो करत मला भांडता येत नाही.

परवा तुझं तेरावं झालं. मंडपवाला येऊन सतरंज्या घेऊन गेला, पाव्हणे पांगले. जाताना एकेक बाई माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगत होती, “शालन, तुझी जाऊ देवमाणूस हुती बघ. परमुलखात तुझ्या आईचं केलं तिनं. पोटची लेक करनार न्हाय असं केलं.” मी मान हलवत राहिले. खोटं काय होतं त्यात? माझ्या आईच्या तोंडात शेवटचं पाणी तूच घातलंस. पण त्यानंतर माझ्या तोंडाकडे बघून तू काय बोललीस, ते त्या बायकांना माहीत नाही. माहीत झालं असतं तरी त्यांनी तुझीच बाजू घेतली असती.

यात्रेची गोष्ट आपल्या घरात कशी निघाली ते मला लख्ख आठवतं. सासूबाईंना जाऊन वर्ष झालं होतं. त्या अंथरुणाला खिळल्यापासून तू पणदरं सोडलं नव्हतंस. तुझं माहेर कन्हेरीला, हाकेच्या अंतरावर, तरी सख्ख्या भावाच्या लग्नाला तू अक्षता टाकून लगेच माघारी फिरलीस, कारण म्हातारीची कूस तुझ्याशिवाय कोणाला बदलता येत नव्हती. जेजुरीच्या पलीकडची जमीन तू पाहिली नव्हतीस. मी निदान इंदापूरला दहावीपर्यंत शिकले होते, शाळेच्या सहलीला जाऊन आले होते. तुझ्या वाट्याला काय आलं, तर गोठ्याच्या भिंतीवरचं खताच्या दुकानाचं कॅलेंडर. त्याच्यावर बर्फाचा डोंगर होता आणि पायथ्याला रंगीत देऊळ. साल सरलं तरी तू ते काढू दिलं नाहीस. धार काढता काढता विचारायचीस, “शालन, डोंगर खरंच आसा पांढरा आसतो का गं? का छापनाराचं काम हाय हे?” मी म्हणायचे, भूगोलाच्या पुस्तकात तरी तसंच आहे.

मग एके दिवशी बारामतीच्या तात्यांची जीप भोंगा लावून गावात आली. तात्या दरसाल यात्रा न्यायचे. केदारनाथ, बद्रीनाथ, आपल्याकडचे आचारी, आपल्याकडचं जेवण, आजारी माणसाची काळजी. तू शेणाची पाटी तशीच टाकून रस्त्यावर गेलीस.  संध्याकाळी मला मधे घालून आबांना विचारलंस. नवऱ्याला सरळ विचारायची तुला सवयच नव्हती.

आबा सुपारी कातरत म्हणाले, “एकल्या बाईमानसानं इतक्या लांब? न्हाय जमायचं. शालन संगं जात आसंल तर जावा दोघी. ती शिकलेली हाय.”

म्हणजे तुझी यात्रा माझ्या हातात होती. मी नाही म्हटलं असतं तर तू एका शब्दानं पुन्हा विचारलं नसतंस. मी हो म्हणाले. आणि मीच म्हणाले की माझ्या आईलाही घेऊ.

आई पळसदेवची. जुना गाव उजनीच्या पाण्यात गेला तेव्हा तिचा देवही पाण्यात गेला. उन्हाळ्यात धरण उतरलं की देवळाचा कळस वर दिसायचा, तेव्हा ती काठावरून हात जोडायची. केदारचं नाव काढल्यावर हसून म्हणाली, “जाऊ की. डोंगरावरच्या देवाला कुठलं धरान बुडवायलंय?”

दौंडला गाडीत बसलो आपण. तू खिडकी सोडली नाहीस. नर्मदा आली तशी तू उठून उभी राहिलीस आणि डबाभर लोकांना उठवलंस. हरिद्वारला गंगेत पाय घातलास आणि थंडीनं किंचाळलीस. आई तुला बघून हसायची. “ही तुझी जाऊ मोठी का तू मोठी गं, शाले?” म्हणायची. डोंगरातल्या बसमध्ये वळणावळणावर आईला उलट्या व्हायच्या. मला उलटीचा वास सहन व्हायचा नाही, मी तोंड फिरवायचे. तू तिचं कपाळ धरून बसायचीस, आवळासुपारी तिच्या गालात सरकवायचीस, पदरानं तोंड पुसायचीस. इतकी वर्षं म्हातारीचं केलेले हात ते. रुद्रप्रयागला तात्यांच्या आचाऱ्यांनी पिठलं-भाकरी केली, तेव्हा आईनं पहिला घास तुला दिला. मी चेष्टेनं रुसले, तर म्हणाली, “ही माझी थोरली लेक, तू धाकटी.” हे सगळं मला आठवतं, अक्का. नुसता राग असता तर सोपं झालं असतं.

गौरीकुंडाला पोचलो आणि आईला दम लागायला लागला. तिथल्या डॉक्टरांनी गोळी दिली, वर नेऊ नका, निजून राहू द्या, म्हणाले. केदारला तिथून चालत किंवा घोड्यावर जायचं, वर मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी उतरायचं. सकाळी सगळे काठ्या घेऊन धर्मशाळेच्या दारात जमले. मी तात्यांना म्हटलं, मी आईजवळ राहते.

आई उठून बसायला लागली. “खुळी का काय? माझ्यापायी देव सोडतीस? जा तू.”

तू माझ्या हातातली शाल काढून माझ्याच खांद्यावर टाकलीस. “मी ऱ्हाते हितं. माझं गुडघं बी बोलत्यात. तुझं वय हाय चढायचं. दोघींचं दर्शन तू घिऊन ये.”

तुझे गुडघे काही बोलत नव्हते. मला ते तेव्हाच कळलं. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि तू ते लपवायला वाकून आईची वळकटी सारखी करत होतीस. मी निघाले. वळणावरून मागे पाहिलं तर तू दारात उभी होतीस आणि आई खिडकीतून हात हलवत होती. म्हणजे माझ्यासाठी तू केदार सोडलंस. जगात दुसऱ्या कोणी माझ्यासाठी देव सोडला नाही. हे मी मान्य करते, सगळ्यांच्या देखत करते.

वर मी दोघींच्या नावानं बेल वाहिला. देवळामागचे डोंगर संध्याकाळी तांबूस झाले, तेव्हा मला तुझं कॅलेंडर आठवलं. उतरताना मी मनात जुळवत होते, अक्काला काय काय सांगायचं. खरंच पांढरं असतं, हे आधी सांगायचं.

तू धर्मशाळेच्या पायरीवर बसली होतीस. केस ओले होते. मी लांबूनच ओरडले, “आई काय म्हनती?”

तू उठलीस. माझ्याकडे सरळ पाहिलंस. अक्का, तुझी नजर हलली असती, आवाज कापला असता, तर मी आज एवढी चिडले नसते. तू अगदी दुधाचा हिशेब सांगावा तसं सांगितलंस.

“त्यांना खाली न्हेलंय, रुद्रप्रयागच्या दवाखान्यात. तात्यांचा मानूस संगं हाय. उद्या हरिद्वारला, तितनं सरळ घरी. तुझ्या भावाला तार केलीया.”

मी म्हटलं, “मी बी जाते मागनं.”

“आता कुठं गाठनार तू त्यांना? आन् जाताना त्या काय म्हनल्यात ठावं हाय का? म्हनल्या, शालीला म्हनावं माघारी फिरू नगं. बद्रीचा परसाद घिऊन ये. तेवढा खाल्ला की मी बरी हुते.”

आईच असं बोलू शकत होती. शब्द तिचेच वाटत होते. तू तिच्याजवळ इतके दिवस बसली होतीस, तिची बोलायची लकब तुला उचलता आली. मी विश्वास ठेवला.

आईला जाऊन तेव्हा एक दिवस झाला होता. मी वर चढत होते तेव्हाच ती गेली. मंदाकिनीच्या काठी, खालीच थांबलेल्या तात्यांनी, एका परक्या माणसानं, तिला अग्नी दिला आणि दुसऱ्या सकाळी राख नदीत सोडली. तुझे केस ओले होते ते त्या अंघोळीनं.

पुढे बस रुद्रप्रयागला न जाता मधल्या डोंगरवाटेनं बद्रीला निघाली. मला सगळे फार प्रेमानं वागवत होते. पुढची खिडकीची जागा मला दिली. आचारी विचारायचा, “ताई, आनखी भात वाढू का?” बारामतीच्या एक बाई मला जवळ घेऊन उगाच पाठीवरून हात फिरवायच्या. मला वाटलं, आई आजारी आहे म्हणून करतात. मी खुश होते, अक्का. खोटं कशाला सांगू, मी हसत-खिदळत होते. साऱ्या बसला ठाऊक होतं की ह्या बाईची आई मेली आहे आणि ही बाई भजनात टाळ्या वाजवते आहे.

बद्रीला तप्तकुंडात आंघोळ केली. सुतकात मी देवळात गेले, देवापुढे पदर पसरून म्हटलं, माझ्या आईला उठून बसव. तू माझ्या शेजारी हात जोडून उभी होतीस. ऐकत होतीस तू.

मग ब्रह्मकपाळावर सगळे आपापल्या गेलेल्यांचे पिंड द्यायला बसले. भटजींनी मला नावं विचारली. मी वडिलांचं सांगितलं, सासूबाईंचं सांगितलं. तू म्हणालीस, “आनखी एक ठेवा.” भटजी म्हणाले, नाव? तू म्हणालीस, “नाव देवाला ठावं.” मला वाटलं, तुझं जन्मताच गेलेलं पोर असेल. मी तुझ्या पाठीवर हात ठेवला. मी तुझं सांत्वन करत होते त्या दिवशी.

बाजारात मी आईसाठी तुळशीची माळ घ्यायला थांबले. एक बारीक मण्यांची, एक जाड. मी तुला विचारलं, कुठली घेऊ? तू दोन्ही हातात घेऊन पाहिल्यास, दुकानदाराशी घासाघीस केलीस आणि म्हणालीस, “ही बारीकच घे. त्यांच्या गळ्यात शोभंल.”

इतर सगळ्याला मी कारण शोधू शकते. त्या माळेला मला अजून कारण सापडलेलं नाही. तू म्हणू शकली असतीस, नको आता, खाली हरिद्वारला घेऊ. गप्प बसू शकली असतीस. मेलेल्या बाईच्या गळ्यात काय शोभेल ते तू तिच्या लेकीला निवडून दिलंस.

निघायच्या सकाळी देवळामागच्या शिखरावर ऊन आलं. सगळे बसमध्ये बसले, शिट्टी वाजली, तरी तू रस्त्यात उभी होतीस. डोंगर पेटल्यासारखा झळकत होता. तुझ्या तोंडावरून पाणी वाहत होतं आणि तू ते पुसत नव्हतीस. मी खाली उतरून तुला दंडाला धरून आणलं. मला वाटलं, भक्ती. मनात म्हटलं, बरं झालं आपण हिला आणलं.

दौंडला गाडी थांबली. दादा फलाटावर उभा होता. डोक्यावर टोपी होती. मी आनंदानं हात केला. तो पुढे आला आणि माझी पिशवी घ्यायला वाकला, तशी टोपी पडली. डोक्यावर केस नव्हते. मिश्या नव्हत्या.

“दादा, हे काय?”

तो माझ्याकडे बघतच राहिला. “काय म्हंजे? शाले, तुला ठावं न्हाय?” मग त्यानं तुझ्याकडे पाहिलं. “अक्का, हिला सांगितलं न्हाय?”

तू ट्रंकेवर हात ठेवून उभी होतीस. “सांगनार हुते. घरी गेल्यावर.”

तू आणि मी त्या गाडीत दोन रात्री समोरासमोर बसून आलो होतो.

पुढचं मला नीट आठवत नाही. दादानं मला बाकड्यावर बसवलं. मी पिशवीतून माळ काढून त्याच्या हातात दिली आणि म्हणत राहिले, बारीक मण्यांची आहे, बारीक मण्यांची आहे. माझ्या आईचा दहावा मी चालत्या गाडीत पुऱ्या खात घालवला होता.

घरी आलो तर गाव आपल्या पाया पडायला दारात. यात्रेहून आलेल्या माणसाच्या पायाला लागलं की पुण्य मिळतं. तुझ्या पायाला बायका लागत होत्या आणि तू त्यांना सांगत होतीस, “म्हातारीनं माझ्या मांडीवर जीव सोडला. पन पोरीचं दर्शन मोडू ने म्हनून मी काळजावर दगड ठिवला.” सगळ्याजणी तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. त्या दिवसापासून ती गोष्ट तुझी झाली. माझी आई, माझं दर्शन, आणि गोष्ट तुझी.

आबांनी मावंदं घातलं. यात्रा सुफळ झाली म्हणून गावजेवण. पुरण मी वाटलं. डोळ्यांतलं पाणी पुरणात पडू नये म्हणून तोंड फिरवून वाटत होते, आणि तू बाहेर पंगतीत गंगाजळ वाटत होतीस. तात्याही जेवायला आले होते. हात धुताना मला बाजूला घेऊन म्हणाले, “ताई, माझ्यावर राग धरू नका. मी म्हनलो हुतो अक्कांना, थंडी हाय, उद्यापर्यंत ठिऊ, ताई उतरल्या की तोंड तरी बघतील. न्हाईतर वर घोडंवाला धाडतो निरोप घिऊन. अक्काच नगं म्हनल्या. आमाला वाटलं, घरच्या थोरल्या हायेत, इचार करूनच बोलत असतील.”

तोवर मला वाटत होतं, तू घाबरलीस. परका मुलूख, परकी भाषा, काय करावं सुचलं नाही. तात्या बोलले आणि कळलं की तू घाबरली नव्हतीस. तू ठरवलं होतंस.

त्यानंतर मी तुझ्याशी बोलले ते कामापुरतं. म्हशीनं दूध चोरलं. ऊसतोडकरी आले. पीठ संपलं. एकदाच, कारखान्याच्या गाड्या ऊस भरून गेल्यावर रिकाम्या वावरात, मी तुला अडवलं. विचारलं, “का केलं तुमी असं?”

तू पाचट गोळा करत होतीस. मान वर न करता म्हणालीस, “तुझ्याच भल्याचं केलं. आनखी काय केलं?”

“मला आईचं तोंड बघायचं हुतं.”

“मेल्याचं तोंड काय बघायचं? जित्तेपनी बघितलंस न्हवं?”

आई शेवटी काय बोलली होती, हे मी विचारलं. तू म्हणालीस, “काय न्हाय. पानी मागितलं.” एवढंच. बायकांना सांगताना तू किती काय काय सांगायचीस. मला एवढंच दिलंस.

घर मात्र आपण वेगळं केलं नाही. वाटण्या व्हाव्यात एवढं कारण कोणाला सांगणार होते मी? आणि तू तर तशीच राहिलीस. माझ्या मंगलला विषमज्वर झाला तेव्हा तिच्या उशाला बसलीस. ती दहावी झाली आणि तिला स्थळ आलं, तेव्हा आबा आणि माझे मालक दोघेही हो म्हणून बसले होते. तू माजघरातून बाहेर आलीस, आबांच्या पुढ्यात पहिल्यांदा उभी राहिलीस आणि म्हणालीस, “पोरगी बारामतीला कालेजात जाईल. जरा जग बघू द्या तिला. बायामानसाला बघायला मिळतंय कितीसं?” आबांनी स्थळाला नाही म्हणून कळवलं. मंगल आज शिकते आहे ती तुझ्यामुळे. त्या दिवशी मी तुझे पाय धरणार होते. उठलेही होते. पण पुढे आले आणि तुझे ते ओले केस आठवले. मी चहा ठेवायला आत गेले.

मग तुझं पोटाचं दुखणं निघालं. बारामतीच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. तुझी सून नोकरीवाली, त्यामुळे दुपारी तुझ्याजवळ मीच असायचे. एका दुपारी तुझ्या केसांना तेल लावत होते. चार केस राहिले होते. तू डोळे मिटून पडली होतीस. मी म्हटलं, “अक्का, एक विचारू?”

“ईचार. बद्रीचंच ईचारशील.”

“आईनं खरंच परसाद आनायला सांगितला हुता?”

तू उशीवर मान वळवलीस. मग म्हणालीस, “न्हाय. ते मीच.”

“का पन?”

“मला बद्री बगायची हुती, शालन.” तू डोळे उघडलेस. “केदार तर हातातनं गेलंच हुतं. तुला खरं सांगितलं आसतं तर तू माघारी फिरली आसतीस. तू फिरल्यावर मला कोन पुढं जाऊ देनार? आबांनी तुझ्या भरोशावर धाडलेलं. आन् एकदा घरी आले आसते, तर पुन्यांदा कुनी धाडलं आसतं का मला? जित्तेपनी?”

“आन् माझं दर्शन मोडू ने म्हनून, ते?”

“ते लोकांना सांगायला.”

माझा हात तुझ्या डोक्यावर तसाच राहिला.  मी एवढंच म्हटलं, “मग बघितली का पोटभर?”

अक्का, मला वाटलं तू रडशील. माफ कर म्हणशील. तुझा चेहरा मात्र उजळला. त्या सुकलेल्या तोंडावर हसू आलं. म्हणालीस, “लई झ्याक हुतं गं. त्या शेवटच्या सकाळी तर... सोन्याचं हुतं समदं. येवढं मोठं कायतरी आसतंय, आन् आपुन हितं शेनात.”

तेवढ्यात दारात तुझी भावजय आली कन्हेरीहून, फळं घेऊन, रडत. बोलणं तुटलं ते तुटलं.

मला उत्तर द्यायचं होतं. ते मनात नीट जुळायला काही दिवस गेले, आणि जुळलं तोवर तुझी वाचा गेली होती. तू नुसती छताकडे बघत होतीस. सगळे पाणी घालायला रांगेत उभे होते. मीही घातलं. तिथे काय बोलणार?

ते उत्तर इथे सांगते. तुला बद्री बघायची होती याचा मला राग नाही. राग यायला हवा होता, पण तुझा तो चेहरा पाहिला आणि आला नाही. त्या दुपारी गौरीकुंडाच्या पायरीवर तू मला खरं सांगितलं असतंस, तर मी ऊर बडवून घेतला असता. नदीकडे धावले असते. तू मला धरून बसली असतीस. संध्याकाळपर्यंत रडून रडून मी शांत झाले असते, आणि मग मला तू दिसली असतीस, वळकटी बांधून, तोंडातून शब्द न काढता माझ्याबरोबर घरी निघायला बसलेली. मला काही कळत नव्हतं असं वाटलं का तुला? मी तात्यांना म्हटलं असतं, मला हरिद्वारच्या गाडीत बसवून द्या आणि अक्कांना पुढे न्या. मला पाट्या वाचता येत होत्या, तिकीट काढता येत होतं. एकटी आले असते. आबांच्या समोर उभी राहून सांगितलं असतं की मीच त्यांना जा म्हटलं. माझ्या आईला शेवटचं पाणी पाजलेल्या बाईसाठी मी एवढंही केलं नसतं?

पण तू मला विचारलंच नाहीस. लग्न झाल्यापासून तुझ्याजवळ झोपले, तुझ्या हाताखाली बाळंत झाले, सासूबाईंना तू उचलायचीस तेव्हा पाय मी धरायचे. इतकं असून तुला वाटलं, ही देणार नाही. हिच्याकडून हिच्या मेलेल्या आईच्या नावानं फसवूनच घ्यावं लागेल.

तू चोरून नेलंस ते मी तुला हातानं दिलं असतं, अक्का.